‘ऑटो ट्रॅकिंग’ कॅमेरा आणि विद्यापीठीय व्याख्यान : एक चिकित्सा

सारांश :
वर्गात शिकवणाऱ्या अध्यापकाच्या हालचालींचा आपोआप मागोवा घेऊन व्याख्यानाचे चित्रण करणारे कॅमेरे आज विद्यापीठांत व महाविद्यालयांत बसवले जात आहेत. प्रस्तुत शोधनिबंधात या तंत्राची पार्श्वभूमी व कार्यपद्धती थोडक्यात सांगून त्याची चिकित्सा केली आहे. हा कॅमेरा अध्यापकाच्या देहाचा मागोवा उत्तम घेतो, पण अध्यापनाचा मागोवा त्याला पूर्णपणे घेता येत नाही. त्यामुळे व्याख्यानाचे स्वामित्व, तासिका तत्त्वावरील अध्यापकांचे हित आणि वर्गातील विचारस्वातंत्र्य यांविषयीचे प्रश्न सोडवल्याशिवाय त्याचा स्वीकार करणे उचित नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : व्याख्यान-चित्रण, ऑटो ट्रॅकिंग कॅमेरा, अवधान, प्रयोगकर्त्याचा हक्क, तासिका तत्त्व.

प्रस्तावना :

व्याख्यान ही उच्च शिक्षणातील सर्वांत जुनी आणि सर्वाधिक टीका झालेली अध्यापनपद्धती होय. तिच्यावर एकतर्फीपणाचा आरोप वारंवार झाला. तरीही आपल्या महाविद्यालयांतील बहुतांश अध्यापन आजही व्याख्यानानेच चालते. फळा, खडू, समोर बाकांवर बसलेले विद्यार्थी आणि अठ्ठेचाळीस मिनिटांची तासिका एवढ्या सामग्रीवर पिढ्यान्‌पिढ्या शिकल्या. या सामग्रीत आता भिंतीवर बसवलेल्या एका लहानशा यंत्राची भर पडली आहे. अध्यापक डावीकडे सरकला की ते डावीकडे वळते, तो फळ्याकडे गेला की फळ्याकडे पाहते. त्यासाठी कोणी छायाचित्रकार लागत नाही.

या यंत्राची प्रस्तुत लेखकाला प्रथम ओळख झाली ती एका महाविद्यालयातील कार्यशाळेत. प्रात्यक्षिकासाठी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे व्याख्यान चित्रित केले जात होते. व्याख्यान रंगात आले असताना सूचनावही घेऊन शिपाई वर्गात आला. कॅमेऱ्याने तत्काळ अध्यापकांना सोडले आणि तो शिपायाच्या मागे गेला. शिपाई दारापर्यंत पोहोचेपर्यंत पडद्यावर तोच दिसत होता आणि व्याख्यानाचा आवाज मात्र मागून येत होता. सभागृहात हशा पिकला. संचात योग्य फेरबदल केल्यास असे होणार नाही, असे प्रात्यक्षिक देणाऱ्यांनी सांगितले आणि ते खरेही होते. परंतु हशा ओसरल्यावर एक प्रश्न उरला : हे यंत्र नेमके कशाचा मागोवा घेते? प्रस्तुत लेखन हे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

उद्दिष्टे :

१. व्याख्यानाच्या स्वयंचलित चित्रणाची पार्श्वभूमी व कार्यपद्धती समजून घेणे.
२. या चित्रणात अध्यापनप्रक्रियेतील काय टिकते व काय गळते, याचा विचार करणे.
३. चित्रित व्याख्यानाचे स्वामित्व व अध्यापकाचे हक्क यांची चिकित्सा करणे.
४. महाविद्यालयीन स्तरावर पाळावयाची काही किमान पथ्ये सुचवणे.

व्याप्ती व मर्यादा :

प्रस्तुत लेखकाचा अभ्यासविषय मराठी साहित्य आहे, अभियांत्रिकी नव्हे. त्यामुळे येथे यंत्राच्या रचनेचा विचार अध्यापनाच्या दृष्टीने आवश्यक तेवढाच केला आहे. प्रयोगशाळेतील व कार्यशाळेतील अध्यापनाचे प्रश्न निराळे असल्याने ते या लेखाच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत.

विषयविवेचन :

१. पार्श्वभूमी

अध्यापन कॅमेऱ्यासमोर नेण्याचा प्रयत्न आपल्याकडे नवा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवरून प्रसारित होऊ लागला. त्यासाठी विद्यापीठांत माध्यम केंद्रे उभी राहिली. त्यांपैकी एक पुणे विद्यापीठात होते. २००३ साली आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून ‘एनपीटीईएल’ हा उपक्रम सुरू केला. त्यातून अभियांत्रिकी व विज्ञान विषयांची व्याख्याने देशभर पोहोचली. जुलै २०१७ मध्ये ‘स्वयम्’ आणि ‘स्वयंप्रभा’ यांची भर पडली. या सर्व प्रयत्नांत एक गोष्ट समान होती. चित्रण बहुधा चित्रणगृहात होई, कॅमेऱ्यामागे माणूस असे आणि अध्यापक रिकाम्या खोलीत भिंगाकडे पाहून बोले. विद्यार्थ्याविना व्याख्यान देण्याचा तो अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना त्यातील कृत्रिमता वेगळी सांगावयास नको. मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत तर हा अनुभव आपल्या सर्वांच्याच वाट्याला आला.

स्वयंचलित चित्रणाचे आश्वासन याच्या नेमके उलट आहे. अध्यापकाने चित्रणगृहात जाऊ नये, कॅमेऱ्यानेच त्याच्या वर्गात यावे, असा त्याचा विचार आहे. या दिशेने गंभीर संशोधन अमेरिकेत १९९० च्या दशकात झाले. जॉर्जिया टेक या संस्थेत ‘क्लासरूम २०००’ हा प्रकल्प त्या दशकाच्या मध्यास सुरू झाला. फळ्यावर लिहिलेले, पडद्यावर दाखवलेले आणि तोंडाने सांगितलेले एकत्र जोडून ठेवणे हे त्याचे वैशिष्ट्य होते. बेलकोर येथील मायकेल बिआंची यांनी विकसित केलेली ‘ऑटोऑडिटोरियम’ ही प्रणाली १९९८ साली अभ्यासकांसमोर मांडली गेली. कॉर्नेल विद्यापीठातील सुगत मुखोपाध्याय व ब्रायन स्मिथ यांनी १९९९ साली, अध्यापकाला वेगळे काही करावे न लागता व्याख्यान टिपणारी पद्धत मांडली. २००१ साली मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधील योंग रुई, अनुप गुप्ता आदी संशोधकांनी आपली प्रणाली प्रसिद्ध केली. या सर्वांची प्रेरणा एकच होती. कॅमेरे स्वस्त होत होते, पण ते चालवणारा माणूस महाग होता.

२. कार्यपद्धती

या कॅमेऱ्याचे काम दोन भागांत विभागता येते : पाहणे आणि निवडणे. पाहण्याच्या कामात एक स्थिर, विस्तृत दृश्य टिपणारे भिंग संपूर्ण व्यासपीठावर नजर ठेवते. जुन्या पद्धतीत लागोपाठच्या दोन चित्रांची तुलना करून बदललेला भाग शोधला जाई. जो भाग बदलला तो हलला, आणि जो हलला तो वक्ता, असे हे सरळ गृहीतक होते. पुढे चेहरा ओळखण्याच्या रीती आल्या. आज मानवी देहाची आकृती ओळखण्यास शिकवलेल्या संगणकीय प्रणाली हे काम करतात. आकृती सापडली की डावी-उजवीकडे व वर-खाली वळणारा आणि दृश्य जवळ-दूर करणारा दुसरा कॅमेरा तिच्यावर रोखला जातो. काही संचांत कॅमेरा वळतच नाही. मोठ्या आकाराचे स्थिर चित्र घेऊन त्यातील हवा तेवढा भाग कापून दाखवला जातो. ३८४० गुणिले २१६० बिंदूंच्या चित्रातून १९२० गुणिले १०८० बिंदूंचा तुकडा कापला, तरी स्पष्टता पुरेशी राहते. या रीतीत वर्गात कोणतीही वस्तू हलत नाही, म्हणून विद्यार्थ्यांचे लक्षही विचलित होत नाही.

हालचालीवर आधारलेली जुनी रीत आपल्या वर्गखोल्यांत अडखळते याची कारणे समजण्याजोगी आहेत. खिडकीचा पडदा हलतो, छताचा पंखा फिरतो, प्रक्षेपकाचा प्रकाश अध्यापकाच्या चेहऱ्यावर पडतो, वीज जाते आणि येते. वातानुकूलित, एकसारख्या प्रकाशाच्या सभागृहासाठी घडवलेले यंत्र येथे गोंधळते. नव्या प्रणालींनी या अडचणी बऱ्याच कमी केल्या आहेत, हे मान्य केले पाहिजे.

खरा विचार करण्याजोगा भाग आहे तो निवडण्याचा. कोणते दृश्य, केव्हा आणि किती वेळ दाखवायचे, हे कोणी ठरवायचे? मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी यासाठी व्यावसायिक छायाचित्रकारांशी चर्चा केली आणि त्यांच्या कसबातून नियम काढले. वक्ता जरा हलला की कॅमेरा हलवू नये. दृश्य फार झटपट बदलू नये. श्रोत्यांपैकी कोणी प्रश्न विचारला तर त्याच्याकडे वळावे. काही घडत नसेल तेव्हा अधूनमधून श्रोतृवर्ग दाखवावा, अशा स्वरूपाचे हे नियम होते. प्रश्न विचारणारा कोठे बसला आहे हे आवाजाच्या दिशेवरून कळावे म्हणून ध्वनिग्राहकांची रांग बसवलेली होती. हे चित्रण यंत्राचे की माणसाचे, हे ओळखणे त्यांच्या चाचणीतील प्रेक्षकांना कठीण गेले. ही त्या संशोधनाची मोठी सफलता होय.

येथे एक गोष्ट विशेषत्वाने नोंदवली पाहिजे. या मूळ संशोधनात श्रोत्याला स्थान होते. वक्त्यासाठी एक कॅमेरा, श्रोत्यांसाठी दुसरा, अशी त्याची रचना होती. आज महाविद्यालयांच्या अंदाजपत्रकात बसणाऱ्या एक कॅमेरा, एक ध्वनिग्राहक अशा संचात मात्र वक्त्याचा पाठलाग तेवढा उरतो. संशोधनाने दिलेले अर्धे शहाणपण बाजारात येताना गळून पडले, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त ठरू नये.

३. काय टिकते, काय गळते?

वर्गातील व्याख्यान म्हणजे एका माणसाचे बोलणे नव्हे. कीर्तनकार पूर्वरंगात किती रमायचे आणि उत्तररंगाकडे केव्हा वळायचे हे समोरच्या श्रोत्यांकडे पाहून ठरवतो. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या प्रारंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधान मागतात. श्रोत्याचे अवधान ही वक्त्याच्या बोलण्याची पूर्वअट आहे, ही जाणीव आपल्या परंपरेत इतकी जुनी आहे. अध्यापकाला हे अवधान चेहऱ्यांवर वाचता येते. तिसऱ्या बाकावरील विद्यार्थिनीच्या कपाळावर आठी दिसली की तो उदाहरण बदलतो. शेवटच्या बाकावरील विद्यार्थी खिडकीबाहेर पाहू लागला की तो आवाज चढवतो किंवा काही वेळ गप्प राहतो. कॅमेरा अध्यापकाचे हे गप्प राहणे टिपतो, पण त्याचे कारण टिपत नाही. ध्वनिचित्रफीत पाहणाऱ्याला तो खंड वाटतो. वर्गात बसलेल्याला मात्र ते अध्यापन वाटलेले असते.

प्रश्नांचे तर याहून अधिक नुकसान होते. ग्रामीण महाविद्यालयातील पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आधीच प्रश्न विचारण्यास कचरतो. आपली बोली प्रमाण नाही याचा त्याला संकोच असतो. धीर करून त्याने विचारलेला प्रश्न अध्यापकाच्या कॉलरवरील ध्वनिग्राहकापर्यंत पोहोचत नाही. चित्रफितीत ऐकू येते ते केवळ उत्तर. उत्तरच तेवढे जतन करणारा संग्रह हा ज्ञानाचा संग्रह कितपत मानावा?

या संदर्भात महानुभाव परंपरेतील एक उदाहरण उद्‌बोधक ठरेल. श्रीचक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘लीळाचरित्रा’त संकलित केल्या, त्या प्रत्यक्ष ऐकणाऱ्या-पाहणाऱ्यांना विचारून. त्यामुळे वचनाबरोबर स्थळ, प्रसंग आणि समोरची व्यक्तीही त्यात नोंदली गेली. पुढे केशिराजबासांच्या ‘सूत्रपाठा’त वचने वेगळी काढली गेली. तेव्हा ती वचने कोणत्या प्रसंगी उच्चारली हे सांगण्यासाठी ‘प्रकरणवश’ निर्माण करण्याची गरज परंपरेला भासली. वचन जपले आणि प्रसंग हरवला तर अर्थ निसटतो, हे या अभ्यासकांनी जाणले होते. स्वयंचलित कॅमेरा आपल्याला सूत्रपाठ देतो. त्याचे प्रकरणवश कोणी लिहावयाचे, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

अर्थात छायाचित्रकार असता तर हे सर्व टिपले गेले असते, असा भाबडा दावा येथे करावयाचा नाही. माणूसही चुकतो, कंटाळतो. भेद इतकाच की, चुकलेल्या माणसाला पुढच्या वेळी ‘मुलांचे प्रश्नही घ्या’ असे सांगता येते. यंत्राला जे सांगावयाचे ते ते विकत घेण्यापूर्वीच सांगावे लागते आणि त्या वेळी अध्यापकाला विचारण्याची प्रथा बहुतेक ठिकाणी नाही.

४. व्याख्यान कोणाचे?

व्याख्यान हवेत विरून जात होते तोवर ते कोणाचे हा प्रश्न उद्भवला नव्हता. ते साठवता येऊ लागल्याबरोबर मालमत्तेचा प्रश्न उभा राहिला. भारतीय स्वामित्व हक्क अधिनियम, १९५७ मधील कलम १७ (क) नुसार नोकरीच्या करारान्वये सेवेच्या ओघात निर्माण केलेल्या कृतीचा प्रथम स्वामी, विरुद्ध करार नसल्यास, नियोक्ता असतो. महाविद्यालयांचे व्यवस्थापन या तरतुदीकडे बोट दाखवू शकते. परंतु याच अधिनियमात दुसरी बाजूही आहे. १९९४ च्या दुरुस्तीने आलेल्या ‘प्रयोगकर्ता’ या संज्ञेच्या व्याख्येत अभिनेता, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार आणि गारुडी यांच्याबरोबर व्याख्यान देणारी व्यक्तीही स्पष्टपणे अंतर्भूत आहे. गारुड्याच्या पंक्तीत बसवल्याबद्दल कोणा प्राध्यापकाला विषाद वाटेलही; पण या पंगतीत बसल्यामुळेच त्याला हक्क मिळतो.

कलम ३८ नुसार हा हक्क ज्या वर्षी प्रयोग झाला त्याच्या पुढील वर्षापासून ५० वर्षे टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३८अ व ३८ब यांची भर पडली. पहिल्याने चित्रण, पुनर्निर्मिती आणि प्रसारण यांविषयीचा हक्क प्रयोगकर्त्याला दिला. मात्र लेखी कराराने चित्रपटात समावेशास एकदा संमती दिली, तर विरुद्ध करार नसल्यास निर्मात्याने तो हक्क उपभोगण्यास त्याला हरकत घेता येत नाही. दुसऱ्या कलमाने प्रयोगाचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा आणि प्रतिष्ठेस बाधक विपर्यासाला हरकत घेण्याचा नैतिक हक्क दिला. केवळ लांबी कमी करण्यासाठी केलेले संपादन मात्र असा विपर्यास मानला जात नाही, असे स्पष्टीकरण त्यास जोडलेले आहे. थोडक्यात, अध्यापक सही करताना कोणत्या कागदावर करतो, यावर बरेच काही अवलंबून आहे. सत्राच्या आरंभी वेळापत्रकासोबत येणाऱ्या कागदांत हा एक कागद असेल, तर तो वाचण्याची सवय आपण लावून घ्यावयास हवी.

हा प्रश्न सर्वाधिक जिव्हाळ्याचा आहे तो तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या दृष्टीने. प्रस्तुत लेखकाने एम.फिल. झाल्यानंतर काही वर्षे याच तत्त्वावर अध्यापन केले आहे. घेतलेल्या तासांचेच मानधन, तेही महिनोन्‌महिने उशिराने, हा त्या वर्षांचा अनुभव होय. तासाला मोबदला हे ज्याच्या उपजीविकेचे एकक आहे, त्याचा तास एकदा चित्रित होऊन पुढील वर्षी पुन्हा दाखवला गेला, तर त्याचे मानधन किती? पूर्णवेळ अध्यापकाचे वेतन चित्रणामुळे थांबत नाही. तासिकेवरील अध्यापकाचा मात्र स्वतःच्याच सावलीशी सामना होतो. ही भीती काल्पनिक म्हणून सोडून देता येणार नाही. जानेवारी २०२१ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथील कॉन्कॉर्डिया विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याला असे आढळले की, ज्यांची चित्रित व्याख्याने ऐकून तो कलेतिहास शिकत होता ते प्राध्यापक २०१९ मध्येच निवर्तले होते. त्यांना प्रश्न विचारावा म्हणून त्याने शोध घेतला तेव्हा हे उघड झाले. मृत गुरूची वाणी ऐकावयास मिळणे हे एका अर्थी भाग्य आहे. पण विद्यार्थ्याला ते न सांगणे आणि शिकवणारा आहे असा आभास ठेवणे, हा अध्यापनाशी केलेला प्रामाणिक व्यवहार म्हणता येणार नाही.

५. मागोवा आणि पाळत

मराठीत मागोवा घेणे आणि पाळत ठेवणे यांत फार अंतर नाही. मागोवा घेणाऱ्याचा हेतू बदलला की त्याची पाळत होते. अध्यापकाला शोधणारी प्रणाली विद्यार्थ्यांकडे वळवली की ती उपस्थिती मोजू शकते. २०१४ साली हार्वर्ड विद्यापीठात उपस्थितीच्या संशोधनासाठी काही वर्गांतील विद्यार्थ्यांची छायाचित्रे त्यांना न सांगता घेतली गेल्याचे उघड झाले, तेव्हा तेथील अध्यापकांनीच आक्षेप घेतला. २०१८ मध्ये चीनमधील हांगचौ येथील एका माध्यमिक विद्यालयात विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावरील भाव ठरावीक काळाने वाचणारे कॅमेरे बसवल्याचे वृत्त आले. युरोपीय संघाने २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ताविषयक कायद्यान्वये शिक्षणसंस्थांत भावना ओळखणाऱ्या प्रणालींना, वैद्यकीय व सुरक्षिततेची कारणे वगळता, मनाई केली. ती फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाली. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि २०२३ साली डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा संमत झाला. तथापि वर्गखोलीच्या दारावर ‘येथे चित्रण होत आहे’ अशी साधी पाटी लावण्याची प्रथाही अद्याप सर्वत्र रुळलेली नाही.

अध्यापकाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. विजय तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ शिकवताना त्यातील भाषा वर्गात उच्चारावी लागते. दया पवारांचे ‘बलुतं’ किंवा नामदेव ढसाळांची कविता शिकवताना जातिवाचक शब्द आणि शिव्या टाळून पुढे जाता येत नाही. टाळल्यास तो त्या साहित्याशी द्रोह ठरेल. चार भिंतींत, महिनाभराच्या परिचयाने निर्माण झालेल्या विश्वासावर हे उच्चारण शक्य होते. त्याच तासातील चाळीस सेकंदांचा तुकडा भ्रमणध्वनीवरून फिरू लागला, तर त्याला ना वर्ग असतो, ना विश्वास. तेव्हा अध्यापक काय करील? तो वादग्रस्त परिच्छेद ‘घरी वाचा’ असे सांगेल. त्याला तसे करण्याचा आदेश कोणीही दिलेला नसेल. भिंतीवरचा दिवा तेवढा लागलेला असेल. साहित्याच्या अध्यापनात यामुळे जी पोकळी निर्माण होईल, तिची नोंद कोणत्याही चित्रफितीत सापडणार नाही.

६. लाभाची बाजू

एवढ्यावरून हे तंत्र त्याज्य ठरवावे असा निष्कर्ष काढणे एकांगी होईल. एस.टी. चुकल्यामुळे पहिला तास बुडणारे विद्यार्थी, हंगामात शेतीच्या कामाला जुंपलेले विद्यार्थी, बाळंतपणामुळे वर्ष वाया जाईल या धास्तीत असलेल्या विद्यार्थिनी, या सर्वांना चित्रित व्याख्यान हा मोठा आधार आहे. इंग्रजीतून शिकवलेला भाग थांबवून पुन्हा ऐकण्याची सोय मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला वर्ग देऊ शकत नाही, चित्रफीत देऊ शकते. आजारी अध्यापकाला, नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्याला, स्वतःचे अध्यापन तपासून पाहू इच्छिणाऱ्यालाही ती उपयोगी आहे. स्वतःची चित्रफीत पाहिल्यावर आपण अर्धा तास फळ्याशीच बोलत होतो, हे प्रस्तुत लेखकाला प्रथमच कळले!

मात्र चित्रण झाले म्हणजे शिक्षण सर्वांपर्यंत पोहोचले, असे नव्हे. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने वर्षानुवर्षे खुली ठेवलेली २० हजारांहून अधिक ध्वनिचित्र व ध्वनिमुद्रणे २०१७ साली सर्वसामान्यांसाठी बंद केली. कर्णबधिरांसाठी मथळे व अन्य सोयी नसल्याने ही सामग्री अपंगांना उपलब्ध होत नाही, असा निर्वाळा अमेरिकेच्या न्याय विभागाने २०१६ मध्ये दिला होता. सर्व सामग्री सुधारण्याचा खर्च पेलण्याऐवजी ती हटवण्याचा मार्ग विद्यापीठाने पत्करला. कॅमेरा आपोआप चालतो, पण मथळे तपासणे, प्रश्न लिहून काढणे, सूची करणे ही कामे आपोआप होत नाहीत. मराठी, इंग्रजी आणि बोली यांची सरमिसळ असलेल्या आपल्या वर्गभाषेत तर मानवी श्रम अधिकच लागतात. छायाचित्रकाराचे वाचवलेले वेतन या श्रमांसाठी राखून ठेवले आहे काय, हा प्रश्न खरेदीच्या वेळीच विचारला गेला पाहिजे.

निष्कर्ष :

१. ऑटो ट्रॅकिंग कॅमेरा हालचालीचा किंवा देहाकृतीचा मागोवा घेतो. अध्यापनातील परस्परसंवाद त्याच्या कक्षेत आपोआप येत नाही.
२. मूळ संशोधनात श्रोत्यांच्या प्रश्नांना स्थान होते. एक कॅमेरा असलेल्या संचांत ते उरलेले नाही. म्हणून किमान श्रोत्यांसाठी स्वतंत्र ध्वनिग्राहक असावा. तो नसल्यास अध्यापकाने प्रत्येक प्रश्न मोठ्याने पुन्हा उच्चारून मगच उत्तर द्यावे.
३. चित्रण सुरू-बंद करण्याची कळ अध्यापकाच्या हाती असावी. कोणता भाग चित्रित होऊ नये हे ठरवण्याचा अधिकार त्याचाच असावा.
४. चित्रणाचा हेतू, मुदत आणि पुनर्वापर यांविषयी लेखी करार असावा. तासिका तत्त्वावरील अध्यापकाचे व्याख्यान पुन्हा वापरल्यास त्याचे मानधन द्यावे आणि चित्रफितीच्या आधारे त्याचा तास कमी करू नये.
५. विद्यार्थ्यांना चित्रणाची पूर्वसूचना द्यावी, कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेरचे बाक उपलब्ध ठेवावेत आणि या यंत्रणेचा वापर उपस्थिती वा शिस्त यांसाठी करू नये.
६. चित्रफितीवर अध्यापकाचे नाव व चित्रणाचा दिनांक असावा. मथळ्यांच्या तपासणीची तरतूद प्रारंभापासून करावी.

समारोप :

कार्यशाळेतील त्या शिपायाच्या प्रसंगाकडे पुन्हा वळावेसे वाटते. त्या दिवशी कॅमेरा चुकला असे आपण म्हटले; पण त्याच्या नियमानुसार तो मुळीच चुकला नव्हता. व्यासपीठावर जे हलले त्याच्यामागे तो गेला. चूक होती ती हलणाऱ्यालाच शिकवणारा समजण्याच्या गृहीतकात. शिकवणे कधी बोलण्यात असते, कधी थांबण्यात, कधी कोपऱ्यातून आलेल्या दबक्या प्रश्नात. ते कोठे आहे हे ठरवण्याचे काम यंत्र बनवणाऱ्यावर किंवा खरेदी समितीवर सोपवून अध्यापकांनी मोकळे होणे योग्य नव्हे. वर्गात कॅमेरा येणारच असेल, तर त्याने कोठे पाहावे हे सांगण्यासाठी प्रथम आपण बोलले पाहिजे. तेवढे अवधान या विषयाला मिळाले, तरी प्रस्तुत लेखनाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.